नाव, क्रमांक आणि रुजवात



या ठिकाणी आपण बहुधा गावांच्या नावांविषयी, शाळांच्या पाट्यांविषयी आणि सरकारी कागदांतील भाषेविषयी बोलत असतो. आजचा विषय वरकरणी वेगळा वाटेल. संगणकाला बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कला संगणक कोणत्या नावाने ओळखतो आणि आपण कोणत्या नावाने ओळखतो, या दोन नावांची गाठ कशी घालायची, असा हा विषय आहे. तंत्रज्ञांचा प्रश्न भाषेच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे सीमाभागातील वृद्ध स्त्रियांच्या आवाजांचा मोठा साठा मी स्वतःच्या डोळ्यांदेखत गमावला आहे. त्या दिवसापासून हा प्रश्न मला नामविचाराचा, म्हणजे व्याकरणाचाच प्रश्न वाटत आला आहे.

घटना इंदूरची आहे. राजवाड्याच्या मागच्या बाजूस, सराफ्याकडे जाणाऱ्या एका बोळात आमच्या एका स्नेह्यांचे जुने घर आहे. त्यांच्या घराण्यात मोडी कागदांचे एक गाठोडे जपून ठेवलेले होते, आणि माझ्याजवळ खानापूर, निपाणी व भालकी परिसरातील खेड्यांतून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, म्हणी आणि साध्या गप्पा होत्या. त्यांनी कागदांची छायाचित्रे मला द्यावीत, मी माझ्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी, म्हणजे दोन्ही ठेवी दोन राज्यांत सुरक्षित राहतील, असा साधा आणि शहाणपणाचा बेत होता. जेल रोडच्या बाजारातून माझ्या डिस्कसारखीच, त्याच कंपनीची, त्याच रंगाची, एक टेराबाइटची नवी डिस्क आणली. घरातला नातू संगणकात हुशार. त्याने लिनक्स प्रणालीवर दोन्ही डिस्क जोडल्या, यादी पाहिली आणि सांगितले, की तुमची 'एसडीबी', आमची 'एसडीसी'. एकीवरून दुसरीवर हुबेहूब नक्कल उतरवण्याची आज्ञा त्याने लिहून ठेवली, आणि तेवढ्यात वीज गेली.

अर्ध्या तासाने वीज आली. संगणक पुन्हा सुरू झाला, डिस्क पुन्हा जोडल्या गेल्या. मुलाने वरच्या बाणाची कळ दाबून मघाचीच आज्ञा परत आणली आणि चालवली. पंधरा-वीस मिनिटांनी मी सहज विचारले, की माझ्या डिस्कचा दिवा एवढा का लुकलुकतो आहे? मुलाने पडद्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. ''काका, मघाशी एसडीबी म्हटलं होतं, मी तेच लिहून राहिलो होतो,'' तो म्हणाला. या खेपेस माझी डिस्क 'एसडीसी' झाली होती आणि कोरी डिस्क 'एसडीबी'. कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा माझ्या डिस्कवर उतरत होता.

मुलाचा दोष नव्हता, हे प्रथमच सांगतो. त्याने लक्षात ठेवलेले नाव बरोबर होते, परंतु त्या नावाचा धनी बदलला होता.

नाम की सर्वनाम?

'एसडीबी' या नावात काय आहे ते पाहू. 'एसडी' ही अक्षरे 'स्कझी डिस्क' या जुन्या संज्ञेवरून आली आहेत. यूएसबीने जोडलेल्या डिस्कसुद्धा त्याच जातीच्या आज्ञा ऐकतात, म्हणून त्यांनाही तेच उपपद मिळते. पुढचे अक्षर हा केवळ क्रम आहे. जी डिस्क प्रणालीला प्रथम सापडली ती 'ए', दुसरी 'बी', तिसरी 'सी'. सव्वीस अक्षरे संपली की 'एए' पासून पुढे. संगणक पुन्हा सुरू झाला, डिस्क दुसऱ्या खाचेत घातली, किंवा एखादी डिस्क सावकाश जागी झाली, की क्रम बदलू शकतो आणि क्रमाबरोबर नावही बदलते. चालू कामात डिस्क मध्येच उपटून परत जोडली, तर तीच डिस्क पुढचे अक्षर घेऊन येते, कारण जुन्या अक्षरावरचा हक्क अजून सुटलेला नसतो.

मॅक संगणकावर हाच प्रकार 'डिस्क २', 'डिस्क ३' अशा आकड्यांनी होतो. विंडोजमध्ये डिस्कवरील विभागांना 'सी', 'डी', 'ई' अशी अक्षरे मिळतात. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे एकेकाळी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती, म्हणून पहिली हार्ड डिस्क आजही 'सी'पासून सुरू होते. विंडोज आपल्यापुरते कोणत्या डिस्कला कोणते अक्षर दिले होते ते लक्षात ठेवते. परंतु ही आठवण त्या संगणकाची असते, डिस्कची नसते. बेळगावच्या संगणकावर 'एफ' असलेली डिस्क इंदूरच्या संगणकावर 'डी' होऊ शकते.

आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर 'एसडीबी' हे विशेषनाम नव्हे. विशेषनाम एका व्यक्तीला किंवा वस्तूला चिकटून राहते. 'एसडीबी' हे नामाच्या वेषातील क्रमवाचक विशेषण आहे, आणि त्याचे वर्तन सर्वनामासारखे आहे. 'हा' आणि 'तो' यांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे त्यावर ठरतो. बोलणारा हलला की 'हा'चा 'तो' होतो. ''हा कागद त्या कागदावर उतरव'' असे सांगून आपण खोलीबाहेर गेलो आणि कोणी कागदांची जागा बदलली, तर कारकुनाने काय करावे? आम्ही त्या संध्याकाळी संगणकाला नेमके असेच सांगितले होते.

मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा संगणक नव्हता; परंतु नाम आणि सर्वनाम यांतील भेद शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाजवळ ही चूक टाळण्याचे साधन आधीपासूनच आहे, असे माझे म्हणणे आहे. ते साधन आपण संगणकासमोर बसताना विसरतो, कारण पडद्यावरची भाषा परकी असते आणि परक्या भाषेत लिहिलेले प्रत्येक अक्षर आपल्याला अढळ वाटते.

तीन प्रकारची नावे

प्रत्येक डिस्कला तीन प्रकारची नावे असतात, आणि त्यांतील भेद ओळखणे हेच सगळ्या जुळवणीचे मूळ आहे.

पहिले क्रमाचे नाव. ते वर सांगितले. ते त्या घटकेपुरते खरे असते.

दुसरे जन्माचे नाव, म्हणजे क्रमांक. त्यातही दोन पोटभेद आहेत. एक क्रमांक कारखान्यात मिळालेला असतो. तो बहुधा डिस्कच्या पाठीवर छापलेला असतो आणि संगणकालाही वाचता येतो. दुसरा क्रमांक डिस्कवर साठवणीची चौकट आखताना, म्हणजे फॉरमॅट करताना तयार होतो. त्यास यूयूआयडी म्हणतात. लिनक्सच्या चौकटीत तो बत्तीस चिन्हांचा असतो, एनटीएफएसमध्ये सोळा, तर पेन ड्राइव्हवर आढळणाऱ्या फॅट आणि एक्सफॅट प्रकारांत अवघा आठ चिन्हांचा. डिस्क कोणत्याही खाचेत घाला, कोणत्याही राज्यात न्या, हा क्रमांक बदलत नाही. फॉरमॅट केल्यावर मात्र तो नव्याने जन्मतो. आणि एक धोका विशेष लक्षात ठेवावा: एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवली, की यूयूआयडीचीही नक्कल होते. मग दोन डिस्कना एकच क्रमांक असतो. मूळ कोणती आणि नक्कल कोणती, हे त्यानंतर फक्त कारखान्याचा क्रमांकच सांगू शकतो. तोही नेहमी विश्वसनीय नसतो. डिस्क वेगळ्या पेटीत बसवलेली असेल, तर काही पेट्या डिस्कऐवजी स्वतःचाच क्रमांक पुढे करतात.

तिसरे ठेवलेले नाव, म्हणजे लेबल. हे आपण ठेवतो. पाळण्यातले नाव म्हणा ना. ते माणसाला कळते, आणि म्हणूनच ते सर्वांत मोलाचे. परंतु त्यास एकमेवतेची हमी नसते. गावात दोन 'पांडुरंग' असू शकतात, तशा दोन डिस्क 'बॅकअप' या नावाच्या असू शकतात, असतातच. अशा वेळी लिनक्स दुसरीच्या नावापुढे मुकाट्याने एक आकडा चिकटवते, आणि कोणती दुसरी हे पुन्हा क्रमच ठरवतो.

सीमाभागातील वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. इंदूरचे तर मराठीत 'इंदूर' आणि हिंदीत 'इंदौर' असे दुहेरी नांदणे आहे. नावांविषयी भांडण होऊ शकते, आणि काही भांडणे करावीच लागतात, कारण नावात माणसाची आपल्या गावाशी असलेली जवळीक साठवलेली असते. परंतु १५ ऑगस्ट १९७२ पासून टपाल खात्याने पिनकोड सुरू केले, तेव्हापासून पाकिटावर बेळगाव लिहा की बेळगावी, ५९०००१ हा क्रमांक असला की पत्र पोचते. आणि इंदूर लिहा की इंदौर, ४५२००१ वर ते त्याच शहरात जाते. क्रमांक पत्र पोचवतो आणि नाव आपलेपण पोचवते. दोन्ही हवीत, आणि दोहोंची सांगड कोठेतरी लिहून ठेवलेली हवी. रेल्वेच्या डब्यातील आसनक्रमांकाला मात्र कोणी कायमचा पत्ता समजत नाही. 'एसडीबी' हा आसनक्रमांक आहे.

जुन्या दप्तराची रीत

आपल्या दप्तरी परंपरेत या सांगडीला एक उत्तम शब्द आहे: रुजवात. महसुली कचेरीतून सातबाऱ्याची किंवा जुन्या नोंदीची नक्कल घेतलेल्यांनी तो पाहिला असेल. नक्कल करणाऱ्याची सही वेगळी आणि रुजवात घेणाऱ्याची वेगळी. एकाने मूळ वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचे, आणि जुळले म्हणजे सही करायची. ज्याने लिहिले त्यानेच तपासू नये, हा त्यामागचा व्यवहार. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि अभ्यासक आजही संदर्भ देताना रुमालाचा क्रमांक देतात. ''खालून तिसऱ्या फळीवरचे डावीकडचे गाठोडे'' असा संदर्भ कोणी देत नाही, कारण फळी बदलते, कपाट बदलते, इमारतसुद्धा बदलते.

हीच रीत डिस्कला कशी लावावी, ते थोडक्यात सांगतो. यात काही नवे शोधलेले नाही. जो कोणी हे काम जबाबदारीने करतो तो थोड्याफार फरकाने असेच करतो.

जोडण्याआधी यादी पाहावी, डिस्क जोडावी, पुन्हा यादी पाहावी. जी ओळ वाढली ती ही डिस्क. एका वेळी एकच डिस्क जोडावी. दोन एकदम जोडल्या की ही साधी परीक्षा निरुपयोगी होते. लिनक्सवर 'एलएसबीएलके' या आज्ञेने ही यादी मिळते, आणि तिला सांगितले तर ती लेबल, क्रमांक व यूयूआयडीही दाखवते. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटची खिडकी उघडावी. मॅकवर डिस्क युटिलिटी. आकारावरून ओळखताना गोंधळू नये: खोक्यावर एक टेराबाइट लिहिलेली डिस्क बऱ्याच संगणकांवर सुमारे ९३१ गिगाबाइट दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत, एवढेच त्याचे कारण. चोरी झालेली नसते. आणि सारख्याच आकाराच्या दोन डिस्क असतील, तर आकार ही ओळख मानूच नये. आमच्या बाबतीत तेच घडले.

पुसणारी किंवा वर लिहिणारी कोणतीही आज्ञा देताना क्रमाचे नाव वापरू नये. लिनक्स प्रत्येक डिस्कची क्रमांकानुसार, यूयूआयडीनुसार आणि लेबलनुसारही नावे तयार ठेवते. ती लांब असतात, पण ती त्याच डिस्ककडे नेतात. आज्ञा जपून ठेवायची असेल तर अशा नावानेच जपावी. 'डीडी' ही हुबेहूब नक्कल करणारी आज्ञा काहीही न विचारता काम सुरू करते. तिला फक्त कोठून आणि कोठे एवढे कळते. म्हणून ती चालवण्यापूर्वी रुजवात घ्यावी: एकाने डिस्कच्या पाठीवरचा क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावरचा पाहावा. संगणक पुन्हा सुरू झाला असेल, तर रुजवात पुन्हा पहिल्यापासून घ्यावी. त्या संध्याकाळी एवढे अर्ध्या मिनिटाचे काम केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

नावाला जागा किती?

आता भाषेच्या अंगाने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. ठेवलेले नाव मराठीत ठेवता येते का?

येते, परंतु जागा मोजून मिळते. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ चौकटीत लेबलला सोळा बाइटची जागा आहे. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन वेगळे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. आपण 'बेळगाव' हे चार अक्षरांचे नाव मानतो. संगणक त्यात ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हे मोजतो आणि अठरा बाइट मागतो. सोळांत ते बसत नाही. 'इंदूर' पाच चिन्हांचे, पंधरा बाइटचे; ते बसते. 'भालकी' बसते, 'बिदर' बसते. 'निपाणी', 'कारवार' आणि 'खानापूर' बसत नाहीत. 'राजवाडा' एकवीस बाइट मागतो, म्हणून तोही दाराबाहेर राहतो. एक्सफॅट प्रकारात अकरा चिन्हांची जागा असते आणि तेथे ही सर्व नावे सुखाने बसतात. एनटीएफएसमध्ये बत्तीस चिन्हे मिळतात. जुन्या फॅट-३२ मध्ये अकरा बाइट आहेत आणि देवनागरीची सोयच नाही.

यात कोणाचा आकस नाही. ज्यांनी सोळा बाइट ठरवले त्यांच्या डोळ्यांसमोर रोमन नावे होती, इतकेच. परंतु हेतू नसला तरी परिणाम घडतोच. आपल्या देशाने १९९१ साली प्रमाणित केलेल्या इस्की या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटमध्ये बसत असे. 'बेळगाव' सहा बाइटमध्ये मावले असते. त्या पद्धतीत देवनागरी आणि कन्नड या लिप्यांतील समान वर्णांना एकच संकेत होता, ही गोष्टही सीमाभागातील माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. युनिकोडने जगातील सर्व लिप्या एका छताखाली आणल्या, तो लाभ फार मोठा आहे आणि मागे जावे असे मी म्हणत नाही. परंतु मोजपट्टी जेव्हा बाइटची असते, तेव्हा मराठी नाव रोमन नावाच्या तिप्पट भाडे भरते, हे आपण उच्चारून सांगितले पाहिजे. लेबलची मर्यादा चिन्हांत मोजावी, बाइटमध्ये नव्हे, ही मागणी भाषिक न्यायाची आहे आणि ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. वर सांगितलेल्या दोन चौकटींनी ती पाळून दाखवली आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दिसायला एकच असलेले मराठी नाव संगणकाच्या पोटात दोन प्रकारे लिहिलेले असू शकते. 'सुऱ्या' किंवा 'ताऱ्या' यांतील ऱ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येते, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या फाइलींत ते अ वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. डोळ्याला फरक दिसत नाही. शोधणाऱ्या संगणकाला दिसतो, आणि तो ''सापडले नाही'' म्हणून मोकळा होतो. म्हणून डिस्कची आणि मुख्य फोल्डरांची नावे ठेवताना अशी दुहेरी लेखनाची अक्षरे टाळावीत, आणि नाव आखूड ठेवावे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ रोमन अक्षरांत नाव द्यावे. ते सगळीकडे बसते आणि सगळीकडे दिसते. माझे उत्तर असे, की यंत्रापुरते तसे अवश्य करावे. जेथे देवनागरी बसत नाही तेथे हट्टाने कापलेले अर्धे नाव ठेवण्यात अर्थ नाही. परंतु डिस्कच्या पाठीवरची चिठ्ठी मराठीत असावी आणि नोंदवही मराठीत असावी, कारण ती डिस्क उद्या ज्यांच्या हाती पडणार आहे, त्यांतील बरीच माणसे रोमन अक्षरांतील संक्षेप ओळखू शकणार नाहीत. 'बीएलजी-०२-फायनल' हे नाव ठेवणाऱ्यालाही दोन वर्षांनी कळत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळे दूरच्या सर्व्हरवर ठेवता येते. डिस्क हवीतच कशाला? ज्यांच्या गावी जोडणी वेगवान आहे आणि दरमहा भाडे परवडते त्यांनी अवश्य ठेवावे. परंतु आपल्या संस्था वर्गणीवर चालतात. एक वर्ष भाडे थकले तर ठेव जाऊ नये. डिस्क कपाटात पडून राहते, आणि तिच्यासाठी एक चिठ्ठी व एक वही पुरते.

नाव हरवलेले आवाज

त्या डिस्कचे पुढे काय झाले, ते सांगून आटोपतो.

काम मध्येच थांबवल्यामुळे डिस्कचा पुढचा भाग पुसला गेला होता आणि मागचा शिल्लक होता. एका जाणकाराने त्यातून फाइली उकरून काढल्या. परंतु डिस्कवरची सूची, जी अगदी सुरुवातीच्या भागात असते, ती नष्ट झालेली. सूची गेली की फाइलीचे पोट सापडते, नाव सापडत नाही. माझ्या हाती आले ते क्रमांक लावलेले शेकडो आवाज. कोण, कोठली, केव्हाची, काही नाही. ओवी ऐकू येते, पण म्हणणारीचे नाव नाही.

मग उलट दिशेने जुळवणी सुरू झाली. प्रथम बोलीवरून गट पाडले. ''काय करायलाय'' म्हणणारी बेळगाव-निपाणीकडची. भालकी-बिदरकडची क्रियापदे वेगळी, हेल वेगळा. इंदूरच्या त्या मुलाचे ''लिहून राहिलो'' माझ्या कानांत जसे ठसले होते, तसे प्रत्येक प्रदेशाचे चालू वर्तमान वेगळे असते, आणि तेच आमचे पहिले ओळखचिन्ह ठरले. नंतर ते आवाज घेऊन पुन्हा त्या गावांत गेलो. ओसरीवर बसून एकेक तुकडा ऐकवला. एका ठिकाणी चुलीपाशी बसलेली सून हातातले काम टाकून बाहेर आली आणि म्हणाली, ''ह्या आमच्या सासूबाई.'' त्या बाई आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. त्या तुकड्याला नाव मिळाले. मिळालेल्या तुकड्यांपैकी निम्म्याहून कमी तुकड्यांना आजवर धनी मिळाला आहे. ज्यांना ओळखणारे कोणी उरले नाही, ते आवाज आहेत आणि नाहीतही.

तेव्हा मला पुरते कळले, की वस्तू वाचवणे आणि तिचे नाव वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

इंदूरचा राजवाडा सात मजल्यांचा. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. मल्हारराव होळकरांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्यास तो उभा राहिला, आणि १८०१, १९०८ व १९८४ अशा तीन आगी त्याने सोसल्या. शेवटच्या आगीनंतर दर्शनी भाग तेवढा ताठ उभा होता. मागची इमारत पुढे नव्याने बांधावी लागली. इमारत पुन्हा बांधता येते, कारण तिचे नाव, तिचा आराखडा आणि तिची आठवण अन्यत्र जपलेली असते. आतली जी वस्तू जळली आणि जिची नोंद कोठेच नव्हती, ती मात्र जळली एवढेसुद्धा कोणास कळत नाही. एका वाड्यात, एका कपाटात, एका डिस्कवर ठेवलेली ठेव ही एका ठिणगीची किंवा एका चुकीच्या अक्षराची धनी असते.

याच शहरात मराठी साहित्य संमेलन तीनदा भरले: १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. बेळगावच्या १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा आपल्या भाषेच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळाव्यात असा आग्रह होता. तो आग्रह ज्याच्या त्याच्या जागी आहे. परंतु सीमा कशाही राहोत, मराठीची ठेव आज बेळगाव, बिदर, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि तंजावर अशी विखुरलेली आहे, आणि त्या विखुरलेपणातच तिची सुरक्षितता आहे. इंदूरची प्रत बेळगावात असावी आणि बेळगावची इंदुरात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक परगावी, हा संगणकवाल्यांचा जुना नियम आपल्या भूगोलाला आपोआप लागू पडतो.

म्हणून माझी सर्व मराठी मंडळांना, ग्रंथालयांना आणि घरोघरच्या संग्राहकांना विनंती आहे. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. तिच्यात प्रत्येक डिस्कसाठी एक पान ठेवावे: आपण ठेवलेले मराठी नाव, यंत्रातले लेबल, कारखान्याचा क्रमांक, यूयूआयडी, आत काय आहे, कोणाचा आवाज वा कोणाचे कागद आहेत, प्रत कोठे आहे आणि शेवटची रुजवात कोणी, केव्हा घेतली. वर्षातून एकदा डिस्क जोडून पाहावी आणि त्या तारखेपुढे दोघांनी सही करावी. या वहीची एक झेरॉक्स प्रत डिस्कबरोबर दुसऱ्या राज्यात पाठवावी. क्रमाच्या नावासाठी वहीत रकाना ठेवू नये. ते नाव दर वेळी पडद्यावरच पाहावे आणि काम झाले की विसरावे.

इंदूरच्या त्या घरी आता अशी वही आहे. पहिल्या पानावर त्या मुलाचे अक्षर आहे, आणि रुजवातीच्या रकान्यात पहिली सही त्याच्या आजोबांची. माझ्या घरी दुसरी आहे. आपल्या घरची तिसरी असावी.